झडीच्या आठवड्यात कोणता इशारा वाचावा : ‘मौसम’, ‘दामिनी’, ‘सचेत’ आणि ‘फ्लडवॉच इंडिया’ यांचे परीक्षण

विदर्भात झड लागली की पश्चिम नागपुरातील घरांमध्ये आता पहिला प्रश्न अंबाझरी तलाव किती भरला हाच असतो. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अवघ्या चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी ओसंडून वाहू लागला आणि नाग नदीचे पाणी अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट, सीताबर्डी अशा भागांतील हजारो घरांत शिरले. किमान चार जणांचा मृत्यू झाला आणि एनडीआरएफ, एसडीआरएफ व लष्कराच्या जवानांना बोटी घेऊन शहराच्या मध्यवस्तीत उतरावे लागले. आदल्याच दिवशी घरोघरी महालक्ष्म्यांचे पूजन व जेवण झाले होते. पाहुणे मुक्कामाला होते, फ्रिजपासून धान्याच्या कोठीपर्यंत सारे तळमजल्यावरच होते, आणि माणसे गाढ झोपेत होती. त्या पहाटेनंतर हवामानाचा इशारा हा वर्तमानपत्रातील चौकटीत वाचून सोडून देण्याचा विषय राहिलेला नाही.

या पावसाळ्यात जोरदार पाऊस, सोसाट्याचा वारा आणि नदी-नाल्यांना पूर येण्याची शक्यता असा एक संपूर्ण आठवडा नागपूर जिल्ह्याच्या वाट्याला आला. त्या आठवड्यात मी चार सरकारी सेवा सातत्याने वापरल्या : भारतीय हवामान विभागाचे ‘मौसम’, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ आणि केंद्रीय जल आयोगाचे ‘फ्लडवॉच इंडिया’. चारही विनामूल्य आहेत. आमची सोसायटी नाल्यापासून फार दूर नाही, तळमजल्यावर एक वयस्क दांपत्य राहते आणि वाहने बेसमेंटमध्ये उभी असतात; त्यामुळे पुढील मत शहरी घराच्या गरजेतून तयार झालेले आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. शेतकरी आणि नदीकाठच्या गावांसाठी क्रम थोडा बदलतो, त्याविषयी त्या त्या ठिकाणी लिहिले आहे.

प्रथम ‘मौसम’. जुलै 2020 मध्ये सुरू झालेल्या या ॲपमध्ये शहराचा सात दिवसांचा अंदाज, जिल्ह्याचा पाच दिवसांचा रंगीत इशारा, तीन तासांपुरता तात्कालिक अंदाज आणि रडारची चित्रे एकत्र मिळतात. बहुतेक लोक त्यातील रंगापाशीच थांबतात. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे कृती करा, एवढे आता सर्वांना पाठ झाले आहे. मात्र हा रंग केवळ किती मिलिमीटर पाऊस पडेल यावरून ठरत नाही, तर ती घटना घडण्याची शक्यता आणि घडल्यास होणारा परिणाम या दोहोंचा विचार करून तो दिला जातो, ही बाब फारशी कोणी सांगत नाही. म्हणूनच दोन दिवस आधी पिवळा असलेला जिल्हा आदल्या संध्याकाळी नारिंगी होतो, तेव्हा हवामान विभागाचा अंदाज चुकला असे समजणे योग्य नाही. नवी निरीक्षणे हाती आल्याने खात्री वाढलेली असते.

या रंगाची खरी मर्यादा त्याच्या क्षेत्रफळात आहे. नागपूर जिल्हा जवळपास 9,900 चौरस किलोमीटरचा आहे. नरखेड-काटोलपासून रामटेक-पारशिवनीपर्यंत आणि खाली उमरेड-भिवापूरपर्यंतच्या प्रदेशाला एकच रंग मिळतो. त्यासोबत येणारे ‘तुरळक ठिकाणी’ किंवा ‘काही ठिकाणी’ हे शब्द येथे कामाचे आहेत, कारण त्यांना ठरलेले प्रमाण आहे : तुरळक म्हणजे पर्जन्यमापन केंद्रांपैकी एक चतुर्थांशपर्यंत आणि काही ठिकाणी म्हणजे निम्म्यापर्यंत. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ अशा इशाऱ्यानंतर धरमपेठेत ऊन पडले आणि कळमेश्वरला ओढे भरून वाहिले, तर तो इशारा खरा ठरलेला असतो. त्या आठवड्यात आमच्या सोसायटीतील काही मंडळींनी एका कोरड्या दुपारी इशाऱ्यांवरचा विश्वास काढून घेतला होता. प्रत्यक्षात त्या दुपारी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला पाऊस होता.

याहून महत्त्वाचा मुद्दा कालावधीचा आहे, आणि नागपूरच्या संदर्भात मला तोच सर्वांत कळीचा वाटतो. हवामान विभागाच्या वर्गवारीत 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर पाऊस म्हणजे मुसळधार, 115.6 ते 204.4 म्हणजे अतिमुसळधार आणि त्यापुढे अत्यंत मुसळधार. ही मोजणी सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ अशी होते. आता शंभर मिलिमीटरचा पाऊस घ्या. तो दिवसभर रिपरिपत पडला तर नाले भरतील, रस्त्यांवर पाणी साचेल, पण शहर चालत राहील. तोच चार तासांत कोसळला तर काय होते ते 2023 साली आपण पाहिले. दोन्ही वेळी वर्ग एकच, मुसळधार. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी, या साध्या हिशेबाने शंभर मिलिमीटर पाऊस प्रत्येक चौरस किलोमीटरवर दहा कोटी लिटर पाणी ओततो. लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांकडून उतरणारी नाग नदी, तिच्या वाटेवरचा आधीच तुडुंब भरलेला अंबाझरी आणि पुढे भिंतींमध्ये कोंडलेले अरुंद पात्र यांना हे पाणी वाहून नेण्यास दिवस मिळतो की चार तास, यावर आपल्या दारात पाणी येणार की नाही हे ठरते. दिवसाचा रंग हा भेद दाखवू शकत नाही. तो दाखवण्यासाठी ‘मौसम’मध्येच दुसरी सोय आहे, आणि ती न वापरता या ॲपबद्दल मत बनवणे अन्यायाचे होईल.

ती सोय म्हणजे तीन तासांचा तात्कालिक अंदाज आणि त्यामागील रडार. नागपूरचे डॉप्लर रडार सुमारे अडीचशे किलोमीटरच्या परिघातील ढग बारकाईने टिपते. म्हणजे छिंदवाडा, बैतूल, अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर, गोंदिया हे सारे त्याच्या नजरेत असतात आणि चित्र दर काही मिनिटांनी नव्याने येते. सुरुवातीला त्या रंगीबेरंगी ठिपक्यांतून काही उलगडत नाही, परंतु दोन-तीन दिवस नियमाने पाहिले की दृष्टी बसते. एकच चित्र पाहून उपयोग नाही. एकापाठोपाठची चार-पाच चित्रे पाहावीत आणि गडद पट्टा कोणत्या दिशेने व किती वेगाने सरकतो आहे ते पाहावे. शहरापासून साठ किलोमीटरवरचा पट्टा ताशी तीस किलोमीटरने आपल्याकडे येत असेल तर हाती दोन तास आहेत. दोन तासांत बेसमेंटमधील गाड्या वर येतात, तळमजल्यावरचे औषधांचे डबे आणि कागदपत्रे माळ्यावर जातात, पाण्याच्या मोटारीचा मेन स्विच बंद होतो. पट्टा सरकत नसेल, जागेवरच पुन्हा पुन्हा तयार होत असेल, तर ती सर्वांत काळजीची स्थिती समजावी, कारण तेव्हा एकाच पाणलोटावर तासन्‌तास पाऊस पडत राहतो.

दिशेविषयी एक निरीक्षण येथे नोंदवतो. ऐन पावसाळ्यात बंगालच्या उपसागरावर तयार झालेले कमी दाबाचे क्षेत्र ओडिशा-छत्तीसगडमार्गे पश्चिमेकडे किंवा वायव्येकडे सरकते आणि अशा क्षेत्राच्या नैर्ऋत्य भागात पावसाचा जोर सर्वाधिक असतो. म्हणून हे क्षेत्र रायपूरच्या आसपास किंवा त्याच्याही वर असल्याचे बातमीपत्रात वाचले, की ते नागपुरावर येण्याची वाट पाहत बसू नये. पाऊस त्याच्या केंद्राच्या आधी पोहोचतो. ‘मौसम’च्या सविस्तर बातमीपत्रात या क्षेत्राचे स्थान रोज दिलेले असते, मात्र ते तांत्रिक भाषेत असते आणि सामान्य वाचक तिथवर जात नाही. प्रादेशिक हवामान केंद्राने विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांसाठी या माहितीचा चार ओळींचा सोपा मराठी सारांश रोज दिला, तर या सेवेची उपयुक्तता दुपटीने वाढेल असे माझे प्रामाणिक मत आहे.

‘दामिनी’ हे ॲप एकाच कामासाठी आहे आणि ते काम ते चोख करते. देशभर बसवलेल्या वीज-संवेदकांच्या जाळ्यावरून, गेल्या पाच, दहा आणि पंधरा मिनिटांत आपल्या ठिकाणापासून वीस व चाळीस किलोमीटरच्या वर्तुळात कोठे वीज पडली हे ते नकाशावर दाखवते आणि धोका असल्यास सूचना देते. शहरातील पक्क्या घरात राहणाऱ्याला त्याची गरज क्वचित भासते. कपाशीत, सोयाबीनमध्ये किंवा संत्र्याच्या बागेत काम करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. विदर्भात दर वर्षी जूनच्या तोंडावर आणि पुन्हा परतीच्या पावसात शेतातच वीज पडून माणसे व जनावरे दगावतात, आणि त्यांतील अनेकजण पाऊस चुकवण्यासाठी झाडाखाली थांबलेले असतात. चाळीस किलोमीटरवरील वीज कानाला ऐकू येत नाही. गडगडाट साधारण पंधरा किलोमीटरपर्यंतच पोहोचतो, म्हणजे तो ऐकू आला तेव्हा आपण धोक्याच्या टप्प्यात आलेलोच असतो. ‘दामिनी’ देते ते हे मधले अंतर, बांधावरून घरी किंवा गोठ्यात पोहोचण्याइतका वेळ. काटोलकडे शेती करणाऱ्या माझ्या मामेभावाच्या फोनवर हे ॲप आहे आणि मजुरांना शेतातून परत पाठवण्याचा निर्णय तो आता त्यावरून घेतो. एकच अट आहे : लोकेशन आणि इंटरनेट दोन्ही चालू असले पाहिजे, आणि वादळात नेमके नेटवर्कच आधी जाते. तेव्हा वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजावेत. तीस किंवा त्याहून कमी भरले तर छपराखाली जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

‘सचेत’ची रचना पाहून मला सर्वांत जास्त समाधान वाटले. हवामान विभाग, जल आयोग, राज्य आपत्ती व्यवस्थापन अशा वेगवेगळ्या यंत्रणांचे इशारे येथे एकाच ठिकाणी येतात, स्थानिक भाषेत येतात, आणि याच यंत्रणेतून धोक्याच्या क्षेत्रातील मोबाईलवर ॲप नसतानाही एसएमएस पाठवता येतो. याशिवाय सेल ब्रॉडकास्ट म्हणजे टॉवरच्या कक्षेतील सर्व फोनवर एकाच वेळी मोठ्या आवाजासह उमटणारा संदेश; 2023 मध्ये त्याच्या चाचण्या झाल्या तेव्हा अचानक वाजलेल्या फोनमुळे अनेकजण दचकले होते. तो आवाज त्रासदायक वाटून ज्यांनी सेटिंगमधील आपत्कालीन सूचना बंद करून टाकल्या, त्यांनी त्या आजच पुन्हा सुरू कराव्यात. पहाटे तीन वाजता झोपेतून उठवू शकणारी सेवा हीच आहे, आणि 2023 चे पाणी पहाटेच आले होते. त्या आठवड्यात तळमजल्यावरील काकांच्या फोनवर मी स्वतः ही सेटिंग तपासून दिली. त्यांना रडार पाहायला शिकवणे शक्य नव्हते आणि आवश्यकही नव्हते. ‘सचेत’वरील इशाऱ्याला जारी होण्याची व संपण्याची वेळ जोडलेली असते, हाही मोठा गुण आहे. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तारीख नसलेल्या संदेशांत आणि दर पावसाळ्यात नव्याने उगवणाऱ्या 2023 च्या चित्रफितींत नेमके तेच नसते.

‘फ्लडवॉच इंडिया’ ऑगस्ट 2023 मध्ये सुरू झाले, तेव्हा ते हिंदी आणि इंग्रजी या दोनच भाषांत होते. मोठ्या नद्यांवरील ठरावीक केंद्रांची पाणीपातळी, धोक्याची पातळी आणि पुढील अंदाज त्यात मिळतो. नाग किंवा पिली नदीच्या काठावरील शहरी रहिवाशाला त्यातून थेट काही मिळणार नाही, कारण तीन-चार तासांत चढणारे शहरी नाले हा त्याचा विषय नाही. कन्हान आणि वैनगंगेच्या काठच्या गावांना मात्र ते फोनमध्ये असावे असे मी आग्रहाने सांगेन. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस मध्य प्रदेशातील धरणांतून व पाणलोटातून आलेल्या पाण्याने नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत पूर आला, तेव्हा अनेक गावांत पुराच्या वेळी फारसा पाऊसही नव्हता. पाणी वरून येत होते. आपल्या आभाळाकडे पाहून पुराचा अंदाज बांधता येत नाही, हे मोवाडच्या लोकांना कोणी सांगण्याची गरज नाही; 30 जुलै 1991 रोजी वर्धा नदीच्या पुराने नरखेड तालुक्यातील त्या गावात दोनशेहून अधिक माणसांचा बळी घेतला. त्या काळी अशी माहिती सामान्य माणसाच्या हातात येण्याचा कोणताही मार्ग नव्हता.

एका खासगी हवामान ॲपचाही मी या काळात उपयोग केला. दिसायला ते देखणे आहे, तासातासाचा पाऊस टक्क्यांत दाखवते. पण ऐन झडीत त्यावरील शून्य टक्के आणि खिडकीबाहेरची धार यांचा मेळ बसत नव्हता. अधिक लिहिण्यासारखे त्यात काही नाही.

सोसायटीत आम्ही शेवटी जी पद्धत बसवली ती अशी. सकाळी एकाने जिल्ह्याचा रंग पाहायचा आणि नारिंगी असेल तर गच्चीवरील पाण्याच्या जाळ्या, बेसमेंटचा पंप व टॉर्च तपासायचे. संध्याकाळपासून दुसऱ्याने तीन तासांचा अंदाज आणि रडार पाहायचे, आणि गडद पट्टा शहराकडे येताना दिसला तर इतरांच्या होकाराची वाट न पाहता गाड्या काढायला सांगायचे. रात्री प्रत्येक मजल्यावरील किमान एका फोनचा आवाज चालू ठेवायचा. वीज गेली तर बॅटरीवरचा रेडिओ आहे, त्यावर आकाशवाणीच्या बातम्या लागतात. जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 आणि आपत्कालीन 112 हे क्रमांक लिफ्टशेजारी मोठ्या अक्षरांत लावले आहेत. जोरात पाऊस असताना नरेंद्रनगर, मनीषनगर किंवा लोहापूल येथील रेल्वेपुलांखालून वाहन न्यायचे नाही, मग कितीही वळसा पडो, यावरही एकमत झाले.

गुण द्यायचेच तर शहरवासीयाच्या दृष्टीने मी ‘मौसम’ला रडार वापरण्याच्या अटीवर पाचपैकी चार, ‘सचेत’ला साडेचार आणि ‘फ्लडवॉच’ला अडीच देईन, शेतकऱ्यासाठी ‘दामिनी’ला पूर्ण पाच. एक उणीव मात्र या चौघांपैकी कोणाच्याही कक्षेत येत नाही. आभाळात काय आहे ते रडार सांगते, मोठ्या नदीत काय आहे ते जल आयोग सांगतो. परंतु अंबाझरी आणि गोरेवाडा तलाव आज किती भरले आहेत, सांडव्यापर्यंत किती फूट उरले आहेत, नाग व पिली नद्यांचे पाणी कोणत्या पुलाच्या कोणत्या खुणेपर्यंत आले आहे, या तीन गोष्टी तीन तासांच्या इशाऱ्यासोबत त्याच संदेशात, मराठीत, त्या त्या प्रभागातील फोनवर आल्या पाहिजेत. तलाव अर्धा रिकामा असताना पडलेला शंभर मिलिमीटर पाऊस आणि तो काठोकाठ भरलेला असताना पडलेला तेवढाच पाऊस, या दोन रात्रींत तळमजल्यावरच्या माणसाने करायची तयारी पूर्णपणे वेगळी असते. मनपा, पाटबंधारे विभाग आणि हवामान केंद्र यांनी एकत्र बसून ही सोय उभी करावी, आणि ती पुढच्या सप्टेंबरची वाट न पाहता करावी, कारण तलाव भरतात ते पावसाळ्याच्या शेवटच्या टप्प्यातच.